बुडाले की बुडवले?

माजलगावच्या न्यायालयाबाहेर टंकलेखकाच्या टेबलाशी एका सकाळी मी माझ्या कामासाठी ताटकळत बसलो होतो. माझ्या आधी एका मावशींचा नंबर होता. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या मुदत ठेवीच्या तीन पावत्या. घड्यांवर कागद विरला होता, त्यावर चिकटपट्टी लावलेली होती. टंकलेखकाने विचारलं, “काय लिहू मावशी?” मावशी म्हणाल्या, “लिही की बाबा, मपले पैसे बुडाले म्हणून.” त्याने दोन शब्द टाइप केले आणि थांबला. “बुडाले लिहू का बुडवले?” मावशींनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “एकच न्हाय का ते?”

ते एक नाही. आणि ते एक का नाही, हे आपल्या भाषेने कायद्याच्या कितीतरी आधी ओळखलेलं आहे, असं मला त्या दिवसापासून वाटत आलं आहे.

‘बुडणे’ हा शब्द प्राकृतातल्या ‘बुड्ड’पासून आला. मराठीने तो जसाच्या तसा ठेवला, हिंदीने अक्षरं उलटवून त्याचं ‘डूबना’ केलं. माजलगावात या शब्दाला वजन आहे. सिंदफणेवर धरण झालं, जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्याचं पाणी इथवर आलं आणि काठची शिवारं पाण्याखाली गेली. ‘बुडीत क्षेत्र’, ‘बुडितातली जमीन’ हे शब्द इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहेत. गाव बुडालं असं आपण म्हणतो तेव्हा त्या वाक्यात बुडवणारा नसतो. पाणी वाढलं, गाव बुडालं, इतकंच. ‘बुडवणे’ म्हटलं की मात्र लगेच एक माणूस उभा राहतो, त्याचा हात दिसतो, त्याचा इरादा दिसतो. व्याकरणात याला प्रयोजक क्रियापद म्हणतात. एका ‘व’ने कर्ता जन्माला येतो.

दिवाणी आणि फौजदारी यांच्यामधली रेघ पुष्कळदा या ‘व’वरूनच जाते. धंदा बसला, उधारी थकली, पैसे बुडाले: दावा दिवाणात. ठरवून बुडवले: फिर्याद ठाण्यात. ‘फिर्याद’ हा फारसी शब्द, मूळ अर्थ मदतीसाठी फोडलेली हाक. ‘फौजदारी’ फौजेवरून, ‘दिवाणी’ दिवाणावरून, ‘गुन्हा’ गुनाहवरून. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तेव्हा हे शब्द इथे कचेरीत आणि घरात सारख्याच सहजपणे नांदले. मावशींच्या तोंडी फारसी शब्द आला असता तरी त्यांना तो परका वाटला नसता.

आता चोराकडे येऊ. पाणिनीय धातुपाठात धातूंचे दहा गण आहेत आणि दहाव्याचं नाव आहे चुरादि, कारण त्याची सुरुवातच ‘चुर्’ म्हणजे चोरणे या धातूने होते. ऋग्वेदात चोराला स्तेन, तस्कर, तायु म्हणतात, ‘चोर’ त्यानंतरचा. स्तेन आता ‘अस्तेय’ या व्रतापुरता उरला आहे. तायु गेला. तस्कर मात्र गोदाकाठी चांगलाच जिवंत आहे. ‘वाळूतस्कर’ हा शब्द माजलगाव-गेवराईच्या बातम्यांत सदैव असतो.

‘चोर’ला मराठीने जितकी कामं लावली तितकी क्वचितच कुठल्या शब्दाला लावली असतील. चोरकप्पा, चोरपावलं, अंगचोर, कामचोर, चोरटा स्पर्श, चोरून पाहणं. या सगळ्यांत समान धागा लपवण्याचा आहे. आपल्या जुन्या धर्मशास्त्रानेही नेमका तोच धागा धरला होता. मनुस्मृतीत फरक असा केला आहे की धन्याच्या माघारी नेलं तर ते ‘स्तेय’, धन्यादेखत बळाने नेलं तर ते ‘साहस’. हो, साहस. ‘सहस्’ म्हणजे बळ, आणि बळाने केलेला गुन्हा म्हणजे साहस. आज आपण मुलांना साहसकथा वाचायला देतो, गिर्यारोहकाच्या साहसाचं कौतुक करतो. एकेकाळी या शब्दावर दंड होता. आजचा कायदा साहसाला ‘जबरी चोरी’ म्हणतो, आणि पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली तर ‘दरोडा’. चारांनी केलेला दरोडा नसतो, मग गावकरी काहीही म्हणोत.

खंडणीचं उलट झालं. ‘खंडून देणे’ म्हणजे रक्कम ठरवून देणे. आपल्याकडे जमीन बटईने देतात तशी ‘खंडाने’ही देतात, पीक येवो न येवो, ठरलेला आकडा द्यायचा. मराठेशाहीत खंडणी म्हणजे ठरवून घेतलेली राजकीय वसुली, दप्तरात नोंदलेली. तीच खंडणी आज न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली येते, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर बीडच्या घराघरांत हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला गेला.

पण माझा जीव गुंतला आहे तो ‘चल’ या दोन अक्षरांत.

१८६० ची भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ ला लागू झाली. तिच्यातली चोरीची व्याख्या कलम ३७८ मध्ये होती; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम ३०३ मध्ये आली, गाभा तोच. दुसऱ्याच्या ताब्यातली चल वस्तू, त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिकपणे घेण्यासाठी हलवली की चोरी झाली. वस्तू घरी नेलीच पाहिजे, विकलीच पाहिजे असं नाही. हलली की पुरे. कायद्याने दिलेलं एक उदाहरण तर आपल्या शिवारातलंच वाटावं: बैलाच्या पाठीवर धनाची पेटी आहे, चोराने बैलाला एका दिशेला हाकललं, बैलाने पाऊल उचललं त्या क्षणी पेटीची चोरी पूर्ण झाली.

आणि जमिनीला चिकटलेलं काही चोरता येत नाही, ते सुटं होईपर्यंत. उभा ऊस हा स्थावराचा भाग. कोयता बसला, कांडं बुडख्यापासून सुटलं, की ते चल झालं आणि त्याच क्षणापासून चोरीला पात्र झालं. झाड तोडण्याचं उदाहरण कायद्यात आहे, उसाचं मी आपल्याकडचं घेतलं. गोदावरीच्या वाळूचंही असंच. पात्रात आहे तोवर ती नदीचं अंग, फावड्याने उपसली की सरकारची चल मालमत्ता. खनिज कायदा वेगळा आहे म्हणून वाळूला चोरीचं कलम लागत नाही, असा युक्तिवाद पुष्कळ वर्षं होत असे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोडून काढला.

इंग्लंड-अमेरिकेच्या कायद्यात याच गुन्ह्याला ‘लार्सनी’ म्हणत. मूळ लॅटिन ‘लात्रो’, म्हणजे आधी भाडोत्री शिपाई, मग लुटारू. आपल्या संहितेने तो शब्द घेतलाच नाही, आणि इंग्लंडनेही १९६८ च्या कायद्याने तो निकालात काढला. अमेरिकेत अजून चालतो. आपल्याकडून मात्र इंग्रजीने दोन शब्द नेले आणि अजून परत केलेले नाहीत: लूट आणि ठग.

‘ठग’, आणि आपला ‘ठक’, हे संस्कृत ‘स्थग’चे वंशज. स्थग् म्हणजे झाकणे, पांघरूण घालणे. न्यायालयात रोज उच्चारला जाणारा ‘स्थगिती’ हा शब्द त्याच धातूचा. एकाच पानावर ठकवणुकीचा आरोप आणि कारवाईला स्थगिती असे दोन्ही शब्द येतात तेव्हा एकाच घरातले दोन भाऊ समोरासमोर बसल्यासारखे वाटतात. चोर वस्तू झाकून नेतो, ठक खरं झाकतो. वस्तू तर आपणच त्याच्या हातात देतो, चहा पाजून, नमस्कार करून. ‘फसणे’ म्हणजे अडकणे, आणि फास, फासा, फाशी हे त्याच्या शेजारचे शब्द. पारध्याचा फास पाखराला ओढत नाही, पाखरू स्वतःच्या पायांनी चालत येऊन त्यात पाय ठेवतं. चोरीत संमती नसते, फसवणुकीत असते; फक्त ती खोट्यावर उभी केलेली असते.

या दोहोंच्या मध्ये तिसरा गुन्हा आहे, आणि मावशींचं दुःख बहुधा तिथे आहे. ठेवणे, म्हणून ठेव. संस्कृत ‘स्था’ धातूच्या ‘स्थापयति’वरून प्राकृतातून आलेला हा शब्द. चोरी जंगमाची, म्हणजे चालत्याची. ठेव म्हणजे स्थिर केलेली, जागेवर राहील या भरवशाची. स्मृतींनी वादाचे अठरा विषय सांगितले त्यांत पहिला कर्जाचा आणि लगेच दुसरा ‘निक्षेप’चा, म्हणजे ठेवीचा. यादवांच्या आणि शिलाहारांच्या काळातल्या दानपत्रांत ‘निधि-निक्षेप’ हे जोडनाव सापडतं, जमिनीत पुरलेलं आणि कुणी सांभाळायला दिलेलं धन. आपल्या तालुक्यातल्या पुरुषोत्तमपुरीला १३१० सालचा रामचंद्रदेव यादवाचा ताम्रपट मिळाला, त्या काळची ही भाषा. ‘न्यास’चाही मूळ अर्थ खाली ठेवणे हाच, आणि आजच्या कायद्याच्या मराठीत ‘न्यासभंग’ म्हणजे सोपवलेल्या गोष्टीत केलेली बेईमानी. बोलण्यात आपण ‘अपहार’ म्हणतो.

म्हणजे प्रश्न तीन आहेत. दिलं का? नाही, त्याने नेलं: चोरी. दिलं, पण देतानाच त्याच्या मनात काळं होतं: फसवणूक. दिलं, तेव्हा तो सरळ होता, पुढे त्याची नियत फिरली: न्यासभंग. बेईमानी कोणत्या क्षणी आत शिरली, यावर सगळं ठरतं. चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, मालमत्ता द्यायला लावणाऱ्या फसवणुकीला सात वर्षांपर्यंत, आणि सरकारी नोकर, बँकर, व्यापारी, अडत्या किंवा एजंट यांनी त्या नात्याने केलेल्या न्यासभंगाला जन्मठेपेपर्यंत. विश्वास जितका मोठा तितका दंड मोठा. मला कायद्याचा हा हिशेब पटतो.

ठाण्यात मात्र सवयीने जुन्या संहितेतली ‘४२०, ४०६’, म्हणजे फसवणूक आणि न्यासभंग, अशी जोडी लागत आली. ४२० हा आकडा तर मराठीत विशेषण झाला, त्या नावाचा सिनेमा १९५५ मध्ये येऊन गेला. आता नव्या संहितेत तो ३१८(४) झाला आहे, तरी कुणाला ‘तीनशे अठरा माणूस’ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. (१ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच कलमं लागतात, म्हणून ४२० न्यायालयात अजून बरीच वर्षं ऐकू येईल.) ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली रेस क्लबच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की एकाच घटनेत फसवणूक आणि न्यासभंग एकत्र नांदू शकत नाहीत, एकात नियत पहिल्यापासून खोटी असते, दुसऱ्यात नंतर फिरते. तो खटला घोड्यांच्या खाद्याच्या थकलेल्या बिलाचा होता. माल विकला होता, सोपवला नव्हता. म्हणून न्यासभंग नाही, असं न्यायालय म्हणालं. हे वाचताना मला आपला मोंढा आठवला. शेतकरी म्हणतो, “सोयाबीन अडत्याकडं घातलं.” घातलं म्हणजे विकलं की ठेवलं? भाव फोडायचा होता का, की पावती फाडून सौदा पुरा झाला होता? एका ‘घातलं’त दोन वेगळे कायदे दडलेले असतात.

आणि मग ‘उचल’.

उत् अधिक चल्, उचल. त्यात तेच ‘चल’ आहे. बीड जिल्ह्यातून हजारो जोड्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसाच्या गणतीला हत्याराचं नाव. कोयत्यामागे मुकादम जी आगाऊ रक्कम देतो ती उचल. आज ती लाखाच्या घरात असते. वाहतूक ठेकेदार किंवा ट्रॅक्टर मालक मुकादमाला देतो, मुकादम टोळीला. मुद्रांकावर सह्या-अंगठे होतात. हंगामभर तोडलेल्या टनांतून ती ‘फिटते’, नाही फिटली तर पुढच्या सालावर जाते. उचल आजारपणात जाते, लग्नात जाते, घराच्या पत्र्यांत जाते.

मुकादमाने दोन ट्रॅक्टरवाल्यांकडून एकाच टोळीची उचल घेतली तर ती सरळ फसवणूक आहे, कारण घेतानाच त्याला माहीत होतं की टोळी एकच आहे. अशा फिर्यादी जिल्ह्यात दर हंगामाला होतात. पण टोळीतली बाई बाळंत झाली, माणूस पडला, म्हणून कोयता फडावर पोचला नाही, तर? घेताना नियत साफ होती. तो पैशाचा हिशेब आहे, दिवाणी आहे. तरीही ‘उचल घेऊन पळाले’ असं एक वाक्य तयार असतं आणि त्या वाक्याने गरीब माणूस गुन्हेगार होऊन जातो. उचलीसाठी माणसाला डांबून ठेवणं हा तर उलट डांबणाऱ्याचा गुन्हा आहे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे आणि आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचं स्वातंत्र्य गहाण पडणं हीच त्या कायद्यातली वेठबिगारी आहे. हे आपल्या फडांवर मोठ्याने सांगितलं गेलं पाहिजे.

याच धातूवरून ‘उचल्या’. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ मध्ये हा शब्द आपल्या आत्मकथनाचं नाव म्हणून उचलला आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अख्ख्या जमातींवर जन्मतःच चोरीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, माणसं ‘विमुक्त’ झाली. पण पोटासाठी खिसा मारणाऱ्याला उचल्या म्हणणारी आपली भाषा, हजारो माणसांचा पैसा खाणाऱ्याला काय म्हणते? ‘घोटाळा झाला.’ घोटाळा म्हणजे मुळात गोंधळ. ‘अफरातफर झाली.’ हा शब्द अरबी ‘इफ्रात’ आणि ‘तफ्रीत’, म्हणजे अधिक आणि उणे, यांची जोडी. हिशेबात कमी-जास्त झालं, असं त्याचं मूळ. ‘आर्थिक अनियमितता आढळली.’ लहान चोराला आपण नाम देतो, मोठ्याला भाववाचक नाम. हा भाषेचा अन्याय आहे आणि तो आपणच रोज करतो.

बीडला मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टीस्टेट या पतसंस्थेच्या प्रकरणात २०२४ पासून फिर्यादी झाल्या. सुमारे ४ लाख ठेवीदार आणि जवळपास अडीच हजार कोटी रुपये, असं सक्तवसुली संचालनालय म्हणतं. प्रकरण न्यायालयात आहे, निकाल न्यायालय देईल. पण या काळात मी ऐकलेलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एकाच ठिकाणी संपत होतं: पैसे बुडाले. निवृत्त शिक्षक, हॉटेलवाला, ऊसतोडीच्या पैशातून लेकीच्या लग्नाचं साठवणारी आई, सगळे हेच म्हणत. जणू सिंदफणेला पूर आला होता.

महाराष्ट्रात यासाठी १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा कायदा आहे, ठाण्यात त्याला ‘एमपीआयडी’ म्हणतात. त्याने ठेवीची व्याख्या जाणून मोठी केली आहे: पैसा असो की मौल्यवान वस्तू, परत करण्याच्या बोलीवर घेतली की ती ठेव, मग परतफेड रोखीत ठरली असो, मालात की सेवेत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही व्याख्या रुंदच वाचली. कपटाने ठेव परत न केल्यास सहा वर्षांपर्यंत कैद आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मालमत्ता जप्त करून ती ठेवीदारांना वाटण्याची सोय आहे. मावशींना शिक्षेपेक्षा त्या वाटपाची वाट अधिक आहे.

त्या दिवशी टंकलेखकाने शेवटी काय लिहिलं ते मी वाकून वाचलं. “अमुक तारखेस, अमुक व्यक्तीने मला अमुक व्याज देण्याचे सांगून माझ्याकडून रक्कम घेतली, मुदत संपल्यावर मागणी करूनही परत दिली नाही.” सांगून, घेतली, दिली नाही. तिन्ही क्रियापदांना कर्ता होता. मावशींनी अंगठा न उठवता सही केली, थरथरत पण पूर्ण नाव.

वाचकहो, तुमच्यावर किंवा तुमच्या शेजाऱ्यावर ही वेळ आली तर अर्जात ‘बुडाले’ लिहू नका. कुणी मागितले, काय सांगून मागितले, कोणत्या तारखेला, कुणाच्या हातात दिले आणि परत मागितल्यावर तो काय म्हणाला, ते लिहा. पावतीची झेरॉक्स जोडा, मूळ पावती स्वतःजवळ ठेवा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका.